सव्वा आठ फुटांची वाट

तलाठ्याच्या दप्तरात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) गावनकाशा असतो. त्यात एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वा आठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. कोणी बांध सरकवला, काट्या टाकून वाट बंद केली, तर याच रेघेवर बोट ठेवून तहसीलदारापुढे दाद मागता येते. त्यासाठीचा मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 सालचा आहे आणि त्याखालचे दावे आजही चालतात. म्हणजे डोक्यावर भारा घेऊन पाड्यावरून बाजाराला जाणाऱ्या बाईच्या नावावर एक गुंठा जमीन नसली, तरी चालण्यापुरती सव्वा आठ फुटांची पट्टी सरकारने कागदावर मान्य केलेली आहे.

आता त्याच गावाची नगरपरिषद झाली आणि विकास आराखडा आला, असे समजा. आराखड्याचा नकाशा रंगीत असतो. रहिवास पिवळा, वाणिज्य निळा, उद्योग जांभळा, शेती हिरवी. रस्तेही असतात, पण आराखड्यातले: बारा मीटर, अठरा मीटर, चोवीस मीटर. तुटक रेघा मात्र गेलेल्या असतात. कोणी मुद्दाम पुसलेल्या नसतात. नकाशाचे प्रमाण बदलले, सूची बदलली, आणि नव्या सूचीत त्यांच्यासाठी चिन्हच नव्हते, एवढेच. मी स्वतः असे नकाशे उमेदीच्या वर्षांत रंगवले आहेत, तेव्हा रंगपेन्सिलींनी आणि नंतर संगणकावर. पायवाट कुठे गेली, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

तो विचारला एका कोळणीने. किनाऱ्यावरच्या एका लहान गावाच्या आराखड्यावर हरकती-सूचनांची सुनावणी चालली होती. कायद्याने हरकतींना मुदत असते, मग नियोजन समितीपुढे एकेकाला बोलावतात. आलेल्यांतले बहुतेक जण आपापल्या सर्व्हे नंबरावरचे आरक्षण उठवा, असे सांगायला आले होते. ही बाई रिकाम्या हाताने आली. तिने नकाशावर बंदर शोधले, बाजार शोधला, आणि मधली वाट दाखवा म्हणाली. मधे पिवळा रंग होता. मी तिला समजावले की ही रहिवासाची जागा आहे, इथे घरे होतील. घरे होऊ देत, तिचे म्हणणे इतकेच होते, पण त्यांच्या मधून मी जायचे कुठून? तिची हरकत सर्व्हे नंबर नमूद नसल्यामुळे निकाली निघाली. तो शेरा माझ्याच हातचा होता.

हे पुस्तक त्या शेऱ्याचे उशिरा दिलेले उत्तर आहे. विषय तसा रूक्ष: जमिनीच्या वापराचे नियम, म्हणजे झोनिंग. त्यातही एक छोटा कोपरा: जिथे घर, दुकान, कारागिरी, दवाखाना, शाळा एकमेकांत मिसळलेली आहेत आणि माणसे बहुतेक कामांना पायी जातात, अशा वस्तीसाठी नियम कसे असावेत. हा प्रश्न आम्ही, म्हणजे या पुस्तकामागच्या गटाने, पुण्या-मुंबईत नव्हे, तर डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत मांडला आहे. का, ते पुढे येईलच. आधी नवख्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी.

झोन हा शब्द आपल्याकडे जमिनीच्या दलालांनी घरोघरी पोचवला. 'जागा यलो झोनमधली आहे का?' हा सौद्यातला पहिला प्रश्न. पिवळी असेल तर भाव एक, हिरवी असेल तर दुसरा. त्यामुळे झोन म्हणजे जमिनीची किंमत ठरवणारा रंग, असा समज पक्का झाला. मुळात तो एक साधा नियम आहे: या तुकड्यावर काय करता येईल, किती बांधता येईल, आणि शेजाऱ्यापासून व रस्त्यापासून किती सोडून. पहिला भाग वापराचा. दुसरा चटईक्षेत्राचा, ज्याला सगळे एफएसआय म्हणतात. तिसरा सामासिक अंतराचा, म्हणजे बोलीतल्या मार्जिनचा. बांधकाम परवानगीची अर्धीअधिक डोकेदुखी या तीन गोष्टींत सामावते. पण रस्त्याने चालणाऱ्याला यांतली एकही गोष्ट दिसत नाही. त्याला दिसते ती इमारतीची खालची बाजू: तिथे दुकानाची फळी आहे, ओटा आहे, की आठ फुटी भिंत. नियमावलीत याच गोष्टीवर सर्वांत कमी शब्द खर्च झाले आहेत.

असे का झाले, याचे उत्तर या शास्त्राच्या जन्मात आहे. झोनिंग जन्मले ते रोगाच्या आणि धुराच्या भीतीतून. जर्मनीत फ्रँकफुर्टने 1891 मध्ये शहराचे पट्टे पाडले, न्यूयॉर्कने 1916 मध्ये अख्ख्या शहरासाठी नियम केला. 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड नावाच्या एका गावाच्या बाजूने निकाल दिला आणि वापर वेगळे करण्याच्या पद्धतीवर शिक्कामोर्तब झाले. त्या निकालात बंगल्यांच्या वस्तीत सदनिकांची इमारतसुद्धा उपद्रव ठरली होती, हे आज वाचताना गंमत वाटते. कारखाना घरापासून दूर ठेवणे शहाणपणाचेच होते. पण तेच सूत्र ताणत ताणत दुकान घरापासून, शाळा दुकानापासून, कचेरी शाळेपासून दूर गेली. 1933 च्या अथेन्स सनदेने राहणे, काम, विरंगुळा आणि वाहतूक असे शहराचे चार कप्पे केले. कप्प्यांमधले अंतर मोटारीने भरून निघेल, असे त्यात गृहीत होते.

आपल्याकडेही सुरुवात साथीनेच झाली. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 मध्ये सुधार न्यास आला आणि गल्ल्या रुंद करणे, दाट चाळी पाडणे हेच नियोजन ठरले. 1915 चा मुंबई नगररचना कायदा देशातला या प्रकारचा पहिला. त्यातली टीपी स्कीम, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते काढून पुन्हा वाटणे, ही कल्पना आजही मला त्या काळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्याच सुमारास पॅट्रिक गेडीस भारतात आले. गावोगाव पायी हिंडून ते सांगत होते की जुनी वस्ती मुळासकट उपटू नका, गरजेपुरती हलकी शस्त्रक्रिया करा. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात त्यांना नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे पहिले अध्यासन मिळाले. मान मिळाला, पण कायद्यात त्यांचे म्हणणे फारसे उतरले नाही. 1954 च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा सक्तीचा केला. 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, म्हणजे आमच्या धंद्यातला एमआरटीपी, आजही याच पायावर उभा आहे.

कप्प्यांविरुद्धचे बंड 1961 मध्ये जेन जेकब्स यांच्या पुस्तकाने झाले. रस्ता सुरक्षित ठेवतात ती तिथली दुकाने, खिडक्या आणि सतत ये-जा करणारी माणसे, हे त्यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या गल्लीकडे बघून लिहिले. त्यानंतरच्या चळवळींची नावे वाचकाने पाठ करायची गरज नाही, पण दोन धागे लक्षात ठेवावेत. पहिला अमेरिकेतल्या न्यू अर्बनिझमवाल्यांचा. इमारतीत काय चालते याची चौकशी कमी करा आणि ती रस्त्याला कशी भिडते याचा नियम करा, असे ते म्हणतात. दुसरा धागा जपानचा आहे आणि मला तो अधिक भावतो. जपानी झोनमध्ये उपद्रवाची कमाल मर्यादा ठरते. अगदी शांत, बुटक्या घरांच्या वस्तीतही घराला लागून छोटे दुकान चालते. पुढच्या झोनमध्ये त्याहून मोठे, त्यापुढे आणखी मोठे. घर मात्र जवळजवळ सगळीकडे चालते, फक्त निव्वळ कारखान्यांच्या पट्ट्यात नाही. रंग एकमेकांशी भांडत नाहीत, पायऱ्या चढतात.

मराठी माणसाला हे सगळे नवे वाटायचे कारण नाही. गिरगावातल्या चाळीखाली दुकाने होती, पुण्याच्या वाड्याच्या दर्शनी खणांत सोनार, कासार आणि वैद्य बसत. मिश्र वापर आपल्याला कोणी शिकवायला नको होता. आपण तो नियमाने आधी अवघड केला आणि आता परदेशी नावाने परत आणतो आहोत. निदान प्रयत्न तरी होत आहेत. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले, आणि 11 डिसेंबर 2021 रोजी एक दिवस लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवून पाहिला. दुसऱ्या टोकाला माथेरान आहे, जिथे खासगी मोटार शिरतच नाही. मात्र माथेरानचे उदाहरण देताना मी जपून असतो. घोडा आणि हातरिक्षा ओढणारा माणूस हा पादचारी स्नेही शहराचा आदर्श म्हणून मिरवण्यासारखा नाही.

आता डहाणूकडे येतो. डहाणू हे नाव झोनिंगच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. 20 जून 1991 रोजी केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. देशात अशा अधिसूचना तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मुरूड-जंजिरा आणि डेहराडूनचे खोरे त्याआधी दोन वर्षे झाले होते. उद्योगांची हिरवी, नारिंगी, लाल अशी वर्गवारी झाली, लाल पूर्ण बंद. सगळ्या तालुक्यात मिळून उद्योगांना 500 एकरांहून अधिक जागा नाही. तालुक्याच्या हद्दीबाहेर 25 किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त. राज्य सरकारने वर्षभरात प्रादेशिक आराखडा करायचा आणि त्यात बागा, हिरवी जमीन, आदिवासी वस्त्या यांचा वापर बदलायचा नाही. वर्ष उलटले, आराखडा आला नाही. डहाणू तालुका पर्यावरण कल्याण संघटना आधीपासून औष्णिक वीज केंद्राविरुद्ध लढत होती. पर्यावरण कार्यकर्ते बिट्टू सहगल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. 31 ऑक्टोबर 1996 च्या निकालानंतर डिसेंबरात न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. धर्माधिकारी शेवटपर्यंत त्याचे अध्यक्ष राहिले. 1998 मध्ये याच प्राधिकरणाने डहाणूच्या किनाऱ्यावरच्या प्रस्तावित वाढवण बंदराला नकार दिला.

एवढा कडक नियम असलेला तालुका महाराष्ट्रात दुसरा सापडणे कठीण. तो नसता तर घोलवड-बोर्डीच्या वाड्या कधीच प्लॉटिंगखाली गेल्या असत्या, आणि 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवायला डहाणू घोलवडचा चिकू उरला असता की नाही, सांगता येत नाही. त्यामुळे त्या अधिसूचनेबद्दल मी जे म्हणणार आहे ते तिचा अवमान म्हणून कोणी वाचू नये. तिने काय होऊ द्यायचे नाही, ते नेमके सांगितले. जे होणारच आहे ते कसे व्हावे, याबद्दल ती गप्प राहिली. कारखाना अडला, वाडी वाचली. पण डहाणू रोड स्टेशन ते सागर नाका या रस्त्यावर माणसाने चालायचे कुठून, हा प्रश्न ना अधिसूचनेचा होता, ना प्राधिकरणाचा.

यात 2020 साली एक गमतीशीर वळण आले. 3 डिसेंबर 2020 पासून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, ज्याला बिल्डरपासून बोर्डावरच्या पेंटरपर्यंत सगळे यूडीसीपीआर म्हणतात. गावोगावच्या वेगवेगळ्या नियमांऐवजी एक पुस्तक. मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, गिरिस्थाने आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील वा नाजूक म्हणून अधिसूचित प्रदेश त्यातून वगळले गेले. या शेवटच्या ओळीत डहाणू येते. तलासरी डहाणूच्या 25 किलोमीटरच्या पट्ट्यात मोडते खरी, पण स्वतः नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित नाही. म्हणजे एकच बोली, एकच बाजार, एकच पाऊस असलेल्या दोन शेजारी तालुक्यांत बांधकामाचे नियम दोन प्रकारचे. त्यात किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, वेगळे. त्यात दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रातले. म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ मुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावावर सहजासहजी जात नाही, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंत बिनशेती परवानगी सोपी करणारी कलम 42-ड ची तरतूदही आहे. एका पाड्यावरच्या एका घराला लागू होणारे नियम आम्ही एकदा टेबलावर मांडले. टेबल पुरले नाही.

म्हणूनच डहाणू-तलासरी. झोनिंग या विषयाचे जेवढे अवतार आहेत, रंगांचे, पर्यावरणाचे, किनाऱ्याचे, आदिवासी हक्कांचे, ते सगळे इथे एकमेकांच्या अंगावर पडलेले दिसतात. आणि या ढिगाऱ्याखाली एक जिवंत, पायी चालणारी, मिसळलेली वस्ती आहे.

ती जवळून पाहू. सकाळची विरार लोकल डहाणू रोडला लागायच्या आधी स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर बायका टोपल्या मांडून बसलेल्या असतात. हंगामाप्रमाणे ताडगोळे, करवंदे, रानभाज्या, पावसाळ्यात शेवळं. समोर इराण्यांची जुनी दुकाने, गुजराती पाटीचे कापडवाले, वर राहती घरे. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि ही गर्दी दुप्पट वाटू लागली. आम्ही एका सकाळी टेप घेऊन उभे राहिलो. टोपली मांडलेल्या बाईच्या मागे गटाराची लादी, पुढे उभ्या रिक्षा, आणि दोहोंच्या मधे चालणाऱ्याला उरलेली जागा एका ठिकाणी साडेतीन फूट, एका ठिकाणी दोन. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांत रहिवासी भागातल्या पदपथाची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटर आहे, बाजाराच्या भागात 2.5. हा अडीच मीटरचा आकडा मी फुटांत करून पाहिला आणि हसू आले. सव्वा आठ फूट. दिल्लीच्या तज्ज्ञांना जे 2012 मध्ये गवसले, ते आपल्या गावनकाशाच्या तुटक रेघेत केव्हाचे लिहून ठेवलेले होते.

टोपलीवालीला हटवून चालणाऱ्याला जागा करायची, हा सोपा मार्ग सगळ्यांना सुचतो. तो चुकीचा आहे, आणि बेकायदाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती सांगितली आहे, तिच्यात चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घेण्याचे सूत्र आहे. पण हा कायदा आणि विकास आराखडा एकमेकांना ओळखत नाहीत. आराखड्यात 'बाजार' हे एका भूखंडावरचे आरक्षण असते. रस्त्याच्या कडेला बसणारा बाजार त्यात अतिक्रमण ठरतो. ज्या बाईमुळे उतारूंचे पाय या रस्त्यावर रेंगाळतात, तीच नियमाच्या दृष्टीने अडथळा.

दुसरे उदाहरण चिंचणी-वरोर भागातल्या डायमेकरांचे. दागिने ठोकण्यासाठी लागणारे पोलादी साचे इथले कारागीर घराघरांत कोरतात. बाहेर ओटीवर माणसे बसलेली, आत खिडकीच्या उजेडात भिंगातून बघत एक जण पोलादावर नक्षी उतरवतो आहे. धूर नाही, वास नाही, आवाज शेजारच्या शिलाई मशीनइतका. आता सांगा, हा रहिवास की उद्योग? रंगाच्या भाषेत विचारले तर उत्तर नाही. जपानी पायरीच्या भाषेत विचारले तर अगदी सोपे: उपद्रव किती, तेवढे मोजा. वाढवणच्या आंदोलनात मच्छीमार आणि बागायतदारांच्या बरोबरीने डायमेकर उभे राहिले ते उगाच नाही. त्यांचा कारखाना उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही, कारण तो घरापासून वेगळा काढताच येत नाही.

तिसरी गोष्ट पार्किंगची, आणि इथे माझा स्वर जरा चढेल. गेल्या वीसेक वर्षांत कुठल्याही तालुक्याच्या गावात नव्या इमारतींचा तळमजला खांबांवर उभा असतो, म्हणजे स्टिल्ट. त्यात गाड्या, पुढे आवारभिंत, भिंतीला लोखंडी फाटक. इतक्या सदनिकांना इतक्या गाड्यांची जागा दाखवा, हा नियम पाळला की ही आकृती आपोआप तयार होते. जिथे पूर्वी किराणा, शिंपी, सायकलवाला आणि त्यांच्या ओट्यावर टेकलेले चार म्हातारे होते, तिथे आता अंधार आणि स्कूटर. संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्याने मुलींना एकटे जावेसे वाटत नाही. मिश्र वापराला आपल्या नियमांत जागा नाही असे नाही. रहिवासाची आर-वन, आर-टू ही वर्गवारी रस्त्याच्या रुंदीवर आहे, रस्ता रुंद असला की खाली दुकानांना मोकळीक. पण त्यामुळे अरुंद, सावलीच्या, चालायला खरोखर सुखाच्या गल्ल्यांत दुकान अवघड आणि भरधाव रुंद रस्त्यावर सोपे, असा उलटा न्याय होतो.

तलासरीची तऱ्हा वेगळी. हा तालुका उंबरगावच्या वाटणीतून उरलेला. भाषावार राज्ये झाली तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि इकडचा मुलूख तलासरी झाला. याच भूमीत, झरी गावी, 23 मे 1945 रोजी वारल्यांची ती सभा भरली, जिच्यातून वेठबिगारीविरुद्धचा उठाव पेटला. उठावाचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर गावोगाव पायीच फिरले, कारण पाड्यांना जोडणारे दुसरे काही नव्हते. वारली पाडा हा मुळात विखुरलेला असतो, घराभोवती वाडी, वाडीभोवती शेत, पुढचे घर हाकेच्या अंतरावर. इथे दाट वस्ती आणि दुतर्फा दुकाने हा शहरी नमुना लादणे हास्यास्पद होईल. इथला मिश्र वापर आठवड्यातून एकदा घडतो, बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी नाक्यावर हजारो माणसे चालत येतात, आणि त्यांच्या मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. पाड्यावरची तुटक रेघ येऊन थेट महामार्गाला धडकते. पलीकडे दवाखाना, पंचायत समिती, शाळा. डोक्यावरचे ओझे आणि कडेवरचे मूल सांभाळत दुभाजक ओलांडणारी बाई कोणत्या झोनमध्ये आहे, हे सांगणारा रंग आमच्याकडे नाही.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी आणि आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले. लोक महिनोन् महिने घराबाहेर, ताडपत्रीखाली झोपले. त्या दिवसांत मोकळे अंगण म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. सामासिक अंतराचा हा अर्थ आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हता.

आत्ताच का, असे विचाराल तर कारण उघड आहे. जुलै 2023 मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदराला ना-हरकत दिली. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये त्याचे भूमिपूजन झाले, खर्च 76,220 कोटी. मालवाहतुकीची स्वतंत्र रेल्वे, विरार-डहाणू तिसरी-चौथी मार्गिका, वडोदऱ्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, सगळे याच अरुंद पट्टीतून जाते आहे. भाषणांत 'चौथी मुंबई' हा शब्द येऊ लागला आहे. बंदर व्हावे की न व्हावे, हा या पुस्तकाचा विषय नाही. माझे मत विचाराल तर 1998 चा निर्णय मला अजून बरोबर वाटतो. पण बंदर झाले तरी आणि अडले तरी जमिनीची हालचाल सुरू झाली आहे. नगररचनेत नियम नेहमी इमारतींच्या मागून धावतात. या खेपेला ते चार पावले पुढे असावेत, एवढीच खटपट. दोन वर्षांनी आराखडा पुन्हा रंगवला जाईल तेव्हा टेबलावर निळ्या-जांभळ्या पेन्सिलींशेजारी काळ्या तुटक रेघेची पेन्सिलही असावी.

आम्ही काय केले ते थोडक्यात. प्रत्येक गावनकाशा विकास आराखड्यावर ठेवून पाहिला. जिथे जुनी पायवाट नव्या पिवळ्या किंवा निळ्या रंगाखाली गेली आहे, ती शोधून प्रत्यक्ष चालून आलो. चालताना दर पन्नास पावलांवर काय दिसते ते लिहिले: दार, दुकान, भिंत, सावली, कुत्री. त्यातून नियमांचा एक मसुदा तयार झाला. तो तयार कायदा नाही. त्यात आवारभिंतीची उंची आहे, ओट्याला सामासिक अंतरातून सूट आहे, घरातल्या कारागिरीसाठी उपद्रवाची मोजपट्टी आहे, स्टेशनपासून चालत पोचण्याच्या अंतरात पार्किंगची सक्ती सैल केली आहे, आणि बाजाराच्या दिवसाला झोनइतकाच दर्जा दिला आहे. काही कलमे एकमेकांना छेद देतात, ती आम्ही तशीच ठेवली, कारण गटातच एकमत झाले नाही. तलासरीच्या बाजूचे काम डहाणूइतके सखोल नाही. पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वाटा मोजता आल्या नाहीत आणि उन्हाळ्यात त्याच वाटा दुसरीकडूनच जातात, हे उशिरा कळले.

व्यावसायिक वाचकाला तक्ते शेवटी सापडतील. इतरांनी मधल्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल, तिथे माणसे आहेत. ज्यांच्या अंगणातून गेलो त्यांनी पाणी दिले, दोन ठिकाणी दलाल समजून हाकललेही. एका घरी आजीबाईंनी नकाशा फिरवून सुलट करून दाखवला, कारण त्यांच्या मते समुद्र खालीच असायला हवा होता. पुस्तकातले डहाणूचे नकाशे म्हणून पश्चिम खाली ठेवून छापले आहेत. पायवाटा तुटक रेघेने दाखवल्या आहेत. ज्या आता भिंतीत संपतात त्याही पुसलेल्या नाहीत, भिंतीच्या पलीकडे पुन्हा सुरू केल्या आहेत.